चित्राचा वास

मंगळवार, ७ जानेवारी २०२५

आज पोपटाने माझी पार लाज काढली. आणि त्याच पोपटामुळे मला एक जबरदस्त कल्पना सुचली. म्हणून ही कोरी वही काढून बसले आहे. रोज लिहिणं माझ्याच्याने होणार नाही, पण जेव्हा काही घडेल तेव्हा खरं खरं लिहायचं.

झालं असं. आमच्या पर्यवेक्षिका सुवर्णा मॅडम अंगणवाडी बघायला आल्या. बाई साताऱ्याकडच्या, इकडे बदली होऊन जेमतेम चार महिने झालेत. स्वभावाने चांगल्या. त्यांनी लाडाने शिवमला विचारलं, "काल घरी काय खाल्लंस, बाळा?"

शिवम म्हणाला, "पोपट."

मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला. "कसला पोपट?"

"हिरवा. मायनं सोलला. म्याबी सोलला."

आमच्या मदतनीस तानाबाई तोंडाला पदर लावून थेट बाहेर पळाल्या. मी कसंबसं मॅडमना सांगितलं की आमच्या वऱ्हाडात वालाच्या शेंगांना पोपट म्हणतात. त्या हसल्या खऱ्या, पण मग त्यांनी चित्रांची कार्डं काढली आणि माझं हसू मावळलं. कोथिंबिरीचं कार्ड दाखवलं, पोरं ओरडली, "सांबार!" मॅडमना वाटलं, इडलीबरोबरचं. पेरूला पोरं म्हणाली जाम, चवळीला म्हणाली बरबटी. मॅडमनी पत्रकात लिहिलं, "ओळखत नाही." अरे, ओळखत नाही काय? पोरांनी बरोबर ओळखलं, तुमची कार्डं परगावची आहेत!

पण राबियाचं तसं नव्हतं. ती एकाही कार्डाला बोलली नाही. पायाच्या बोटांकडे बघत बसली. मॅडमनी लिहिलं, "प्रतिसाद नाही." पोर साडेपाच वर्षांची आहे. जूनमध्ये पहिलीत जायला हवी. तिची आई बाळंतपणासाठी नांदुऱ्याला माहेरी गेली आहे, म्हणून दादी इमामबी तिला न्यायला येतात. त्यांनी पत्रकाचं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "मैं तो पैलेसेच बोल रही, बाई. इसके भेजे में कुछ बैठता नै. अजहर भी बोला, स्कूल में डालना नै. बच्चे हँसेंगे इसपे."

माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर बोलून बसले, "मॅडम फेब्रुवारीत परत येणार आहेत. तोवर राबिया सगळी कार्डं सांगेल. नाही सांगितली तर मला बोला. पण मग ती सांगेल तेव्हा तिला शाळेत घालायचं." इमामबी म्हणाल्या, "देखते." मॅडमनीही ऐकलं.

घरी येऊन हे धम्मरत्नना सांगितलं. नवरा म्हणाला, "तुले कोनं इचारलं होतं?" कोणी नाही. पण आता बोलले तर बोलले.

आणि माझी कल्पना अशी: चित्रं बंद. खऱ्या भाज्या, खरी फळं, खरं धान्य पोरांच्या हातात द्यायचं. मोडू दे, हुंगू दे, चाखू दे. आधी त्यांचा शब्द, मग पुस्तकातला. मेहकरच्या प्रशिक्षणात सांगितलंच होतं की लहान मूल हाताने शिकतं. तेव्हा मी चहाची वाट बघत होते. आज कळलं.


गुरुवार, ९ जानेवारी

झालं! झालं! झालं!

प्रत्येकाने घरून एक वस्तू आणायची असं सांगितलं होतं. पायल अख्खं कोहळं घेऊन आली, उचलेना म्हणून रस्त्याने ढकलत ढकलत. कोणी तुरीच्या शेंगा, कोणी वांगं, कोणी मूठभर ज्वारी. शिवमने अर्थात पोपट. चादर अंथरून सगळं मधे मांडलं आणि म्हटलं, घ्या.

अर्धा तास कोणी रडलं नाही, मारामारी केली नाही. इथे रुजू झाल्यापासूनच्या आठ महिन्यांत असा अर्धा तास मी पाहिला नव्हता. कोहळं फोडलं, तर आत हात घालून पायल किंचाळली, "बाई, याच्या पोटात केसं हायेत!"

आणि राबिया. परवा जी मुकी होती, तिने मेथीची काडी हातात घेतली, नाकापाशी नेली आणि म्हणाली, "मेथी." सांबार, "सांबार." आलं, "अदरक." मग मी तिच्या एका हातात तुरीची डाळ दिली, एका हातात हरभऱ्याची. तिने बोटांनी चोळली आणि दोन्ही बरोबर सांगितल्या. बघितलंसुद्धा नाही! मी तिला उचलून गरगर फिरवलं. भेजा नाही म्हणे. दोष पोरीचा नव्हताच, दोष चित्रांचा आणि परक्या शब्दांचा होता. मी म्हटलं होतं ना?

तानाबाईंना हे काही आवडलेलं नाही. "शाळेत भाजीचा बजार मांडला बाईनं," असं म्हणत झाडत होत्या. त्या आमच्याच वस्तीतल्या. घरी मी त्यांना मावशी म्हणते आणि त्या मला समता म्हणतात, पण अंगणवाडीच्या दारातून आत आलं की मी बाई.

एक गोष्ट खटकली. तानाबाईंनी आजही राबियाला दाराशी बसवलं होतं. एकदा विचारायला हवं.


सोमवार, १३ जानेवारी

उद्या संक्रांत. आज चुलीवर कढई ठेवून तीळ भाजले. पोरांना लांब बसवलं आणि सांगितलं, कान द्या, तीळ बोलायला लागले की सांगा. तडतड सुरू व्हायच्या आधीच राबिया म्हणाली, "बोल रहे, बोल रहे." आम्हाला कोणाला ऐकू आलं नव्हतं. दोन क्षणांनी खरंच तडतडले.

ही पोर मला पाठमोरी ओळखते. मी न बोलता मागून आले तरी म्हणते, "बाई आली." बांगड्यांवरून, म्हणे. इतकं लक्ष कुठल्या मुलाचं असतं?


सोमवार, २० जानेवारी

आज ज्वारीचं पीठ मळायला दिलं. परातीत पाणी ओतायचं काम राबियाला दिलं, तर निम्मं पाणी परातीबाहेर चादरीवर. ही पोर फारच घाईची आहे, जरा सबुरी शिकवायला हवी. शिवम तिच्यासमोर उभा राहून पडलेल्या दातांची जागा दाखवत होता, तर त्याला म्हणाली, "पायल, हट ना." शिवम रागावला. तो बोलल्यावर हिला हसू आलं. मस्करीही करते म्हणजे बाईसाहेब.

पोरांनी पिठाचे साप केले, बैल केले, एकाने "मोटरसायकल" म्हणून एक गोळा दिला. माझ्या नखांत अजून पीठ आहे आणि मला इतका आनंद झालाय की भाकरी करताना मी गाणं म्हणत होते. धम्मरत्न म्हणाले, "आज भाकरी फुगली बुवा." टोमणा होता की काय, कोण जाणे.


शुक्रवार, २४ जानेवारी

आजचा दिवस मी विसरणार नाही.

खेळ घेतला: डोळे बांधून ओळखा. माझी जुनी ओढणी घेतली. एकेकाचे डोळे बांधायचे, आणि त्याने चालत येऊन ताटातली वस्तू हाताने आणि नाकाने ओळखायची. शिवम भिंतीवर जाऊन आपटला. पायल दोन पावलं टाकून खाली बसली आणि रडायला लागली, "अंधार झाला." एकाने लसणाला बोर म्हटलं आणि तोंडात टाकलं, मग जे काही झालं ते विचारू नका.

मग राबिया. डोळे बांधले आणि ती सरळ चालत आली! न अडखळता, न हात पुढे करता. ताटापाशी बसली आणि नऊच्या नऊ वस्तू सांगितल्या. जवस आणि तीळ वेगळे सांगितले. पेरू हातात घेऊन म्हणाली, "ये अब्बा के गाडे का नै." तिचे अब्बा अजहर फाट्यावर फळांची गाडी लावतात, आणि तो पेरू खरोखरच पायलच्या घरच्या झाडाचा होता. पोरं टाळ्या वाजवत होती.

आणि अशा वेळी तानाबाईंनी काय म्हणावं? "तिले पट्टी बांधा का नोको बांधा, सारखंच हाये, बाई."

म्हणजे काय? पोर पट्टीतून बघते? चोर आहे? मी ओढणीची दुहेरी घडी घालून पुन्हा बांधली आणि वेगळ्या नऊ वस्तू मांडल्या. राबियाने पुन्हा नऊच्या नऊ सांगितल्या. मी तानाबाईंकडे बघितलं. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण मी तोंड फिरवलं. आत जाऊन त्या भांडी घासायला लागल्या, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात.

काही माणसांना दुसऱ्याच्या पोराचं कौतुक बघवतच नाही.


मंगळवार, २८ जानेवारी

आज भांडण झालं. व्हायचंच होतं.

सकाळी आले तर राबिया पुन्हा उंबऱ्याला लागून. बाकी सगळी आत गोलात आणि ही एकटी दाराशी. मी पोरांसमोरच विचारलं, "तानाबाई, हिला रोज इथे कोण बसवतं?"

"मी बसवतो," म्हणाल्या. "तिले तिथं बरं पडते."

तिथे बरं पडतं! माझ्या बाबांना शाळेत दाराशी बसवत. ते दारातच चौथीपर्यंत शिकले. म्हातारपणीसुद्धा कुठल्या कार्यक्रमाला गेले की आपसूक दारापाशी बसायचे आणि मी त्यांना हाताला धरून पुढे न्यायची. आणि आता आपणच, आपल्याच वस्तीतल्या बाईने, एका मुसलमानाच्या पोरीला दाराशी बसवायचं? मी हे सगळं बोलले. जरा जास्तच मोठ्याने बोलले. म्हटलं, "माझ्या अंगणवाडीत दाराशी कोणीही बसणार नाही. आजपासून राबिया माझ्या शेजारी, सगळ्यात आत."

तानाबाईंचा चेहरा पांढरा पडला. म्हणाल्या, "बाई, तुमाले काय वाटते मी..." आणि तशाच चुलीकडे गेल्या.

राबियाला उचलून मी माझ्या शेजारी बसवलं. ती जागा जरा काळोखी आहे, कारण आहाराच्या पाकिटांची खोकी मी उंदरांच्या भीतीने खिडकीत रचली आहेत. पण मानाची जागा आहे. बाबा असते तर खूश झाले असते. मला आज फार बरं वाटतंय.


सोमवार, ३ फेब्रुवारी

तानाबाई माझ्याशी कामापुरतं बोलतात. बोलू नका.

आज हरभऱ्याचे घाटे सोलले. पोरांनी निम्मे खाल्ले, जे अगदी बरोबर आहे. आता मी शेजारी कार्डं ठेवायला सुरुवात केली आहे: हातात घाटा, समोर घाट्याचं चित्र. शिवमने चित्राकडे बघून सांगितलं, "ह्यो हरबरा, पर कच्चा." मी त्याला मिठीच मारली. दोन-तीन आठवडे असतील अजून. सगळे तयार होणार!

राबिया आज जरा गप्प होती. घाटे सांडले तिच्या हातून.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

राबियाचं काय बिनसलंय कळत नाही. माझ्या शेजारी बसते, पण मन नाही. हातात दिलं की सगळं सांगते, भिंतीवरच्या चित्राकडे पट्टीने दाखवलं की "नै मालूम". आज सरळ कंटाळून डोळे मिटून बसली. पाण्याचा तांब्या लाथाडला. मी ओरडले तिच्यावर, आयुष्यात पहिल्यांदा. तिला आईची आठवण येत असणार. किंवा तानाबाईंचा अबोला तिलाही जाणवत असेल. पोरांना सगळं कळतं.

की माझंच चुकतंय? शब्दांचा अडसर काढला, भाज्या हातात दिल्या, बाकीची पोरं चित्रांवर झेप घेतायत आणि जिच्यासाठी हे सगळं सुरू केलं तीच मागे. इमामबी म्हणाल्या होत्या तसं तर नसेल? हे लिहिताना लाज वाटते, पण खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहिते.

येताना फाट्यावर अजहरभाईंनी हाक मारली. "बाई, आप बहोत मेहनत करते उसके वास्ते. जाने दो. जैसी है वैसी है, हमारी है." आणि माझ्या हातात दोन पेरू ठेवले. त्यांनी रागावून बोलायला हवं होतं. ते पेरू मला खाता आले नाहीत, धम्मरत्ननी खाल्ले.


सोमवार, १७ फेब्रुवारी

मॅडमचा फोन. गुरुवारी येतायत. मीही ठरवलंय, पालकांनाही बोलवायचं. काय व्हायचं ते सगळ्यांसमोर होऊ दे. धास्ती आहेच आणि तरी आतून उड्या मारतेय. पोरांनी स्वतः कोशिंबीर करायची. गाजर मोडायचं, सांबार तोडायचा, लिंबू पिळायचं. सुरी नाही, सगळं हाताने.


गुरुवार, २० फेब्रुवारी

कसं लिहू? क्रमाने लिहिते.

सकाळी सगळं सोन्यासारखं. आया आल्या, इमामबी आल्या, मॅडम आल्या. पोरांनी कोशिंबीर केली, लिंबाचं पाणी शिवमच्या डोळ्यात गेलं, तो रडत रडत पिळत राहिला. मॅडम दोन वाट्या कोशिंबीर खाऊन म्हणाल्या, "या सांबारामुळे चव आली." पोरं खूश.

मग कार्डं. मॅडम समोरच्या भिंतीपाशी उभ्या राहून एकेक कार्ड वर धरत होत्या. पोरं दोन दोन नावं सांगत होती. सांबार, कोथिंबीर! जाम, पेरू! बरबटी, चवळी! मॅडमचा पेन थांबत नव्हता. माझे डोळे भरून आले.

शेवटी राबिया. माझ्या शेजारी, सगळ्यात आत. मॅडमनी गाजर दाखवलं. काही नाही. केळं दाखवलं. केळं! जिच्या बापाच्या गाडीवर रोज केळी असतात, तिने मान खाली घातली. इमामबींनी माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. संपलं, असं वाटलं.

मॅडम खरंच चांगल्या आहेत. त्यांनी जवळ येऊन केळ्याचं कार्ड तिच्या हातात दिलं. राबियाने ते उचललं आणि नाकाला लावलं. अगदी टेकवलं.

पोरं फिदीफिदी हसायला लागली. आणि मी, मीच, हसत म्हणाले, "अगं राबिया, चित्राला वास कुठून येणार?"

तानाबाई चुलीकडून आल्या. हात ओले, पिठाचे. म्हणाल्या, "वास नाही घेऊन राह्यली ते, बाई. पाहून राह्यली."

तानाबाईंनी राबियाचा हात धरला, तिला दाराशी उन्हात नेलं आणि मॅडमच्या हातातली सगळी कार्डं मागून घेतली. एकेक तिच्या हातात दिलं. राबियाने प्रत्येक कार्ड नाकाच्या शेंड्याशी धरलं, डोळे बारीक केले, आणि सांगत गेली. केला. गाजर. सांबार, कोथिंबीर. जाम, पेरू. एकही चुकली नाही. मग तानाबाईंनी एक कार्ड घेतलं आणि दोन पावलं मागे सरकल्या. "आता सांग, माय."

"नै दिखता," राबिया म्हणाली.

इमामबींनी तिला जवळ ओढलं. "या अल्ला. बेटा, तू पैले क्यों नै बोली?"

राबियाला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, "सबकू ऐसाच दिखता ना?"


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज अंगणवाडीत सगळ्यात आधी जाऊन खिडकीतली खोकी काढली. सगळी. मग झाडू हातात घेऊन बसून राहिले.

सगळं आठवत गेलं आणि प्रत्येक आठवणीला मी स्वतःला एक थोबाडीत मारावी असं वाटलं. परातीबाहेरचं पाणी. शिवमला पायल म्हणाली ते. बांगड्या. डोळे बांधून सरळ चालत आली आणि मला वाटलं जादू! जिला बांधलं काय आणि सोडलं काय, सारखंच. तानाबाईंनी अक्षरशः हेच शब्द सांगितले होते. आणि मी काय केलं? तिला दाराच्या उजेडातून उचललं आणि काळोखात बसवलं. मानाने.

शब्दांचा अडसर शोधून काढला म्हणून मी इतकी खूश होते की पोरीच्या डोळ्यांत एकदाही बघितलं नाही.

तानाबाई आल्या. मी उठले आणि रडायला लागले. त्यांनी माझ्या हातातला झाडू काढून घेतला. आज आत असूनही बाई म्हणाल्या नाहीत.

"समता, मलेबी पक्कं मालूम नव्हतं व. दारात बसवली का तिचं काम बरं होये, येवढंच पाह्यलं मी. तू शिकेल आहेस, मी मदतनीस. वाटलं, तुले मालूम असंन."

"मावशी, त्या दिवशी मी तुम्हाला काय काय बोलले..."

"बोलली त बोलली. तुया बाबाले दाराशी बसवत, थे मले मालूम हाये. मी त्याईच्याच बरोबरची. राग आला मले, खोटं कायले बोलू? चार दिवस भाकर गोड लागली नाही. पर तू इचारलं असतं काऊन बसवता, त सांगतलं असतं."

मी विचारलं होतं, "कोण बसवतं?" एवढंच. का, हे विचारलंच नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी इमामबींकडे गेलो. घरात ती कधी अडखळत नाही, अजहरभाई म्हणाले, सगळ्या वस्तू तिला पाठ आहेत. मेहकरच्या दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर मंगळवारी असतात. पुढच्या मंगळवारी गाठ पडली नाही तर त्याच्या पुढच्या मंगळवारी, पण जायचंच.


मंगळवार, ४ मार्च

दोन मंगळवार लागले, पण आज झालं. रमजान सुरू झालाय, म्हणजे फळांच्या गाडीची वर्षातली सगळ्यात मोठी कमाई, तरी अजहरभाईंनी गाडी झाकून ठेवली आणि रोजा धरून आमच्याबरोबर बसमध्ये बसले. राबिया खिडकीशी. सगळा रस्ता वासांवरून सांगत होती: आता गुऱ्हाळ, आता भजी, आता पेट्रोल.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या नाकावर जड लोखंडी चौकट बसवली आणि एकेक काच बदलत गेल्या. नंबर उणे नऊ निघाला. डावा डोळा जरा जास्तच अधू आहे, त्याला पूर्ण दिसेलच असं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणखी दोन वर्षं गेली असती तर अवघड होतं.

अजहरभाईंनी एकच विचारलं. "डाक्टरसाब, दिमाग का तो कुछ नै ना?"

"दिमाग?" त्या म्हणाल्या. "एवढं कमी दिसत असून हिने आजवर निभावलं कसं, तेच मला समजत नाही. हुशार आहे पोरगी."

अजहरभाई भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग वळले आणि राबियाला विचारलं, चष्मा कुठल्या रंगाचा पाहिजे. ती म्हणाली, "जाम के अंदर का." म्हणजे गुलाबी. लाल गराचा पेरू तिने डोळ्यांजवळ धरून बघितला असणार.


सोमवार, २४ मार्च

आला! चष्मा आला!

सकाळी इमामबी तिला घेऊन आल्या. गुलाबी चष्मा, मागून इलॅस्टिकने बांधलेला. राबिया उंबऱ्यात थांबली आणि आत यायलाच तयार होईना. नुसती बघत होती. छप्पर, तक्ते, दोरीवरचे पिठाचे वाळलेले बैल. मग माझ्याकडे आली, माझा चेहरा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "बाई, तुमकू मिशी है."

सगळी अंगणवाडी हसली. मी सगळ्यात जास्त हसले. शिवम तिच्यापुढे जाऊन उभा राहिला, "मी शिवम हावो." ती म्हणाली, "मालूम है. दात नै तेरेकू." पायल म्हणाली, मी कशी दिसतो? राबियाने तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "लाल." पायलला तेवढं पुरलं.

दुपारी खिडकीखाली पंगत बसली. खिचडी वाढली. राबियाने घास उचलला, तोंडापर्यंत नेला, आणि हात तसाच थांबला. मग ती किंचाळली, "इसमें कीडे है!"

अठ्ठावीस पोरांनी एकदम हात झटकले. तानाबाई पळी घेऊन धावत आल्या. "माह्या खिचडीत किडे? दाखव कुठं हायेत!" राबियाने बोट ठेवलं. काळे, बारीक, गोल.

मोहरी होती. फोडणीतली मोहरी. दोन वर्षं रोज खाल्लेली, आणि आज पहिल्यांदा दिसली.

मी समजावलं, तानाबाईंनी समजावलं, शिवमने स्वतः खाऊन दाखवली. बाईसाहेब ऐकेनात. "दो साल मेरेकू ये खिलाया?" असं तानाबाईंना विचारलं, तेव्हा तानाबाई पळी हातात धरून तिथेच खाली बसल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला सांगता येणार नाही, दोन्ही असावं. मग म्हणाल्या, "उद्यापासून तुई येगळी काढीन, माय. बिनमोहरीची." मी म्हटलं, मावशी, सगळ्यांना सारखं असतं. त्या म्हणाल्या, "तू गप राय."

अजहरभाई पहिलीच्या प्रवेशाला कोणकोणते कागद लागतात ते विचारायला आले होते. जन्माचा दाखला, आधार, फोटो. फोटो चष्मा घालूनच काढायचा का, हे त्यांनी दोनदा विचारलं. मी दोन्हीदा हो म्हटलं.

आम्ही बोलत होतो तोवर राबिया एकेक मोहरी बोटाने वेचून ताटाच्या काठावर लावत होती, रांगेत. अगदी वाकून नव्हे, ताठ बसून. ओठ हलत होते. मी जवळ गेले. ती मोजत होती. "इक्कीस, बाईस, तेईस." मी पुन्हा मोजल्या. तेवीस होत्या.

आम्ही अंगणवाडीत दहापर्यंतच शिकवतो. मी विचारलं, पुढचे कोणी शिकवले?

"अब्बा केले गिनते ना. मैं सुनती."

पत्रक काढलं. अंकओळखीच्या रकान्यात दहाच्या पुढे जागाच नाही. म्हणून बाजूच्या कोऱ्या जागेत मी तेवीस लिहिलं आणि खाली सही केली.